नात्याचा रकाना

"अण्णा, जे हाय तेच लिवा."

हे म्हटल्याशिवाय अक्कांनी माझ्या दुकानात एकही फॉर्म भरू दिला नाही. आधी दोन्ही हात पदराला पुसायच्या, मग काउंटरच्या काचेवर उताणे ठेवायच्या आणि मग हे वाक्य. बोटांची टोकं तव्याच्या आचेनं भाजून गुळगुळीत झालेली. अंगठ्याचा ठसा घ्यायच्या मशीनवर त्यांचा अंगठा कधीच पहिल्या खेपेला लागला नाही. मशीन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं. अक्का अंगठा फुंकायच्या, पुन्हा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "ह्या डब्याला मी दिसंना झालेय बगा."

सीमेपलीकडं, बिदरकडच्या हुमनाबादला, बसस्टँडासमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, दाखल्यांचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म. अशा दुकानात तुम्हीही कधीतरी रांगेत उभे राहिला असाल. पुढच्या माणसाचं सगळं आपोआप ऐकू येतं. जात, उत्पन्न, घरात कमावतं कोण, आजारी कोण. आपण ऐकत नाही असं दाखवत मोबाइल बघत राहतो. मी गेली बारा वर्षं त्या खुर्चीत बसून ऐकतोय. बहुतेक माणसं संध्याकाळपर्यंत विसरतो. अक्का विसरता आल्या नाहीत.

मन्नाएखेळ्ळीच्या बाजूला हायवेवर एक ढाबा आहे. तिथं त्या भाकरी करायच्या. दुपारची गर्दी सरली की बस पकडून यायच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा बरोबर मुलगी होती, रेणुका. बारावीला चांगले मार्क, कलबुर्गीच्या एका खासगी कॉलेजात नर्सिंगची सीट लागलेली. फी ऐकून दोघी शिष्यवृत्तीचा आणि शैक्षणिक कर्जाचा, असे दोन्ही अर्ज भरायला आल्या होत्या.

मी विचारत गेलो, रेणुका सांगत गेली. वडिलांचं नाव सांगितलं. वडिलांचा व्यवसाय, ड्रायव्हर.

"सध्या कुठं असतात?"

रेणुकानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "लॉरी घेऊन गेलते. लॉरी घावली. ते न्हाई घावले."

रेणुका सहावीत असतानाची गोष्ट. तुरीच्या डाळीचा माल घेऊन तिचे अप्पा पुण्याकडे निघाले. तिसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढं एका पेट्रोल पंपावर लॉरी उभी सापडली. माल जागच्या जागी, किल्ली गाडीलाच. मालकानं तक्रार दिली, अक्कांनी दिली. पोलिसांनी चार ठिकाणी फोटो लावले. पुढं काही झालं नाही.

फॉर्मवर वडिलांच्या नावापुढं दोन गोल होते. हयात आणि मयत. एकावर क्लिक केल्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. अक्कांनी वाकून नीट बघितलं.

"तिसरा गोल न्हाई का?"

मी नाही म्हणालो.

"मग हयात लिवा. जे हाय तेच लिवा."

हयात लिहिलं आणि त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. हयात माणसाचं आधार लागतं, सही लागते, उत्पन्नाचा दाखला त्याच्या नावावर लागतो. रेशन कार्डाला जोडलेला मोबाइल नंबरही रेणुकाच्या अप्पांचाच होता. ओटीपी जायचा तो त्या नंबरवर. आम्ही फोन लावून पाहिला तर नंबर आता हुबळीकडच्या एका पानवाल्याला मिळालेला. भला माणूस. अक्का त्याच्याशी कन्नडमधून बोलल्या आणि त्यानं आकडे वाचून दाखवले. पुढं तीन-चार वेळा तसंच झालं. एकदा त्यानं विचारलं, हा नंबर आधी कुणाचा होता. अक्का म्हणाल्या, "घरच्याचा."

सर्व्हर डाउन असला की मी तसं सांगायचो. सर्व्हर म्हणजे तालुक्याच्या कचेरीतला कुणीतरी साहेब असावा, असं अक्कांना बरेच दिवस वाटत होतं. दारातूनच विचारायच्या, "सर्वर साहेब आले का आज?" नाही म्हटलं की रागवायच्या नाहीत. "असंल काही घरी. त्येला बी लेकरंबाळं असतील," म्हणून बाकड्यावर बसायच्या आणि दुसऱ्यांचे फॉर्म ऐकायच्या. रेणुकानं एकदा त्यांना खरं काय ते समजावलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. त्यानंतरही त्यांनी साहेब म्हणणं सोडलं नाही.

बँकेचं नाव मी सांगत नाही. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्यानं फाइल चाळली आणि सरळ सांगितलं. आईच्या कमाईला कागद नाही. वडील असतील तर वडिलांची सही आणा, नसतील तर मृत्यूचा दाखला आणा. मधलं काही फाइलीत बसत नाही. शिष्यवृत्तीचा अर्जही तिथंच अडकला.

तहसीलच्या आवारात कागदपत्रं करून देणारी माणसं असतात. त्यातल्या एकानं अक्कांना गाठलं. "घरीच वारला म्हणून लिहून देतो, दोन साक्षीदार माझे, पंधरा दिवसांत दाखला." अक्का माझ्या दुकानात येऊन बसल्या.

"जित्या माणसाला कामून मारायलेत, अण्णा?"

बाईची आशा अजून सुटलेली नाही, असं मी समजलो. मी चुकलो होतो, ते पुढं कळलं.

त्या वर्षी सीट गेली. रेणुका हुमनाबादच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला लागली. दिवसभर गिऱ्हाइकांपुढं साड्या उलगडायच्या आणि पुन्हा घड्या घालायच्या. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याकडे यायची, काउंटरच्या कोपऱ्यावर उभ्या उभ्या डबा खायची आणि नव्या वर्षाच्या तारखा लागल्या का बघायची. "लागल्या का, अण्णा?" एवढंच विचारायची. तिच्याबरोबरच्या मुली सुट्टीत गावी आल्या की पांढऱ्या ड्रेसमधले फोटो दाखवायच्या. ती फोटो मोठा करून बारकाईनं बघायची आणि मोबाइल परत द्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात सात वर्षं पुरी झाली. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला कोर्ट मयत ठरवू शकतं, हे अक्कांना एका वकिलानं सांगितलं. त्यांनी मजकूर लिहून दिला आणि टाइप करायला माझ्याकडे पाठवलं. मी टाइप केला आणि रिवाजाप्रमाणं मराठीत वाचून दाखवला. अक्का एकट्याच होत्या. हात काचेवर.

"गेल्या सात वर्षांत सदर इसमाबाबत अर्जदारास कोणतीही बातमी, पत्र अथवा फोन आलेला नाही."

"अण्णा, ते फोनचं काढता येत न्हाई का?"

मी वर बघितलं. त्यांची नजर हातांवर होती.

"फोन आला होता?"

"व्हय."

फोन ढाब्यावर यायचा. ते गेल्यावर तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा आला. मालकानं आत हाक मारली, अक्कांनी पिठाच्या हातानं फोन घेतला. पलीकडून एवढंच आलं, "पोरगी कितवीला हाय?" अक्का म्हणाल्या, नववीला. फोन बंद. त्यानंतर दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या दिवसांत एकदा यायचा. तेवढाच प्रश्न. एकदा अक्का घाईघाईनं म्हणाल्या, "घरी या, कुणी काही बोलणार न्हाई." त्या वर्षी उत्तर ऐकायच्या आधीच फोन ठेवला गेला.

"रेणुकाला माहीत आहे?"

"न्हाई. बाप हाय, पन येत न्हाई, हे लेकराला कसं सांगू? हरवला म्हटलं तर बरं वाटतंय की तिला."

मी त्यांना सांगितलं, हे वाक्य काढलं तर अर्जाला अर्थ राहत नाही. बातमी आली असेल तर माणूस मेला असं कोर्ट म्हणणार नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी त्यांना घरी जा म्हणायला हवं होतं, की लवकर सही करा म्हणायला हवं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बाहेर बिदरची बस लागली, माणसं चढली, बस गेली.

"ऱ्हाऊ द्या तसंच," अक्का म्हणाल्या. "कुठं सही करू?"

त्या दिवशी त्यांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. पुढं कधीच म्हटलं नाही.

कोर्टात उभं राहायचं त्या सकाळी वकिलांनी त्यांच्या गळ्याकडे बघून सांगितलं, हे असं चालणार नाही, साहेब विचारतील. अक्कांनी आवारातल्या कडुलिंबाखाली उभं राहून मंगळसूत्र काढलं आणि पिशवीत, डब्याशेजारी ठेवलं. आत साहेबांनी विचारलं ते सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. आवाज हलला नाही, असं वकील मला नंतर कौतुकानं म्हणाले.

निकाल लागला, तशी भावकी पुढं आली. कोर्टानं सांगितलंय म्हटल्यावर क्रियाकर्म करायला हवं. कणकेचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा ठरलं. मला रेणुकानं बोलावलं म्हणून मी गेलो होतो. जावेनं कणीक भिजवली, पण हातपाय करताना ते फुटायला लागले. दोनदा मोडलं. शेवटी अक्कांनीच परात पुढं ओढली, पाण्याचा हात लावून कणीक मळली आणि पुतळा केला. इतक्या सफाईनं केला की बायका बघत राहिल्या. मग रेणुका रडायला लागली. आठ वर्षं जे अडवून धरलं होतं ते सगळं त्या पोरीनं त्या दुपारी सोडून दिलं. "अप्पा, अप्पा" करत होती. अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांच्याकडे मी बघू शकलो नाही.

दाखला आल्यावर फाइल तीन आठवड्यांत मंजूर झाली. मॅनेजर म्हणाले, "बघा, कागद पूर्ण असला की किती सोपं असतं." शिष्यवृत्तीही लागली. रेणुका कलबुर्गीला गेली. पहिल्या सुट्टीत आली तेव्हा पांढरा ड्रेस घालून दुकानात दाखवायला आली. अक्का मागं उभ्या होत्या, मोकळ्या कपाळाच्या. "डाग पडू देऊ नको," एवढंच म्हणाल्या.

रेणुका तिसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी अक्का दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेल्या दिसल्या. ढाब्यावर फोन आला होता. सोलापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यातून, वॉर्डातल्या मावशीनं केलेला. एक पेशंट आहे, जवळ कुणी नाही, खिशातल्या चिठ्ठीवर हा एकच नंबर आहे.

"तिथं मराठीतनं फारम असतील. मला वाचता येत न्हाई. तुमी याल का, अण्णा?"

मी कुलूप पुन्हा लावलं.

ते एका गोदामावर राखणदार होते, असं दवाखान्यात कळलं. लिव्हर गेलेलं. पोट फुगलेलं, हात-पाय काडीसारखे. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, पण रेणुकाचं कपाळ आणि भुवया मला लगेच ओळखू आल्या. अक्का पलंगाजवळ गेल्या. अप्पांनी डोळे उघडले आणि बराच वेळ अक्कांच्या गळ्याकडे, कपाळाकडे बघत राहिले. काय समजले कुणास ठाऊक. पाणी मागितलं. अक्कांनी पाजलं.

सिस्टर फॉर्म घेऊन आली. मजकूर मी भरत गेलो. जवळच्या व्यक्तीचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, रुग्णाशी नातं. माझं पेन थांबलं. सिस्टर म्हणाली, "पत्नी ना?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरला म्हणाल्या, "न्हाई बाई. गावाकडची वळख हाय."

पलंगावरच्या माणसाला ऐकू गेलं होतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी त्या रकान्यात लिहिलं, ओळखीची.

दुपारी ते जरा सावध झाले. अक्का त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या.

"पोरगी?"

"नर्सिंगला हाय. तिसऱ्या सालाला."

"पैसे कुटून?"

अक्कांनी त्यांचं तोंड पुसलं. "तुमच्यामुळंच मिळाले."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडं समाधान आलं. मी उठून खिडकीशी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ते गेले. डॉक्टर चांगले होते, घाई केली नाही. म्हणाले, नातेवाईक आधार घेऊन आले तर बॉडी ताब्यात देऊ. कुणी आलंच नाही, तर पोलिसांना कळवून तीन दिवस थांबावं लागेल, मग महानगरपालिका करेल. मी अक्कांना व्हरांड्यात नेलं. त्यांच्या जुन्या रेशन कार्डाची प्रत माझ्या मोबाइलमध्ये होती, त्यावर नवरा-बायको अशी दोन्ही नावं होती.

"म्हटलं तर हे दाखवता येईल, अक्का."

"मग कोर्टाच्या कागदाचं काय व्हईल?"

"खोटं सांगितलं असं निघू शकतं. कर्ज थांबेल. शिष्यवृत्ती परत मागतील."

त्यांनी फार विचार केला नाही. तो बहुतेक बसमध्येच करून झाला असावा.

"तिचं एकच साल ऱ्हायलंय," म्हणाल्या.

मी संध्याकाळच्या बसनं परत आलो. त्या आल्या नाहीत. तीन दिवस त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होत्या, पेशंटच्या नातेवाइकांमध्ये. चौथ्या दिवशी महानगरपालिकेची गाडी आली तेव्हा रिक्षा करून मागं गेल्या. तिथल्या माणसानं विचारलं, कुणी आहे का ह्यांचं. अक्का काही बोलल्या नाहीत. त्यानं आपल्या परीनं केलं. हे सगळं त्यांनी मला आठवड्यानं, झेरॉक्सची वाट बघता बघता सांगितलं.

"ते घर सोडून का गेले होते, विचारलं का तुम्ही?" मी विचारलं.

"मरत्या माणसाला काय इचारायचं. पानी मागायलते, पानी दिलं."

"आणि रेणुकाला?"

"तिला कसं सांगू? ती नर्स व्हायलीय, अण्णा. पयल्यांदा हेच म्हणंल, मला कामून बोलावलं न्हाई, मी बगितलं असतं त्यांच्याकडं."

अक्का काही थोर वगैरे नव्हत्या. भाकरी करपली की मदतनीस बाईवर खेकसायच्या, बसमध्ये जागेसाठी भांडायच्या. पण एकच माणूस त्यांना दोनदा जळताना बघावा लागला आणि त्यातल्या एकदाही त्यांना मोकळं रडता आलं नाही, हे मला जवळून माहीत आहे. पहिल्यांदा रडण्याजोगं काही घडलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा रडायचं नातं उरलं नव्हतं.

रेणुका पास झाली आणि हैदराबादला एका दवाखान्यात लागली. पगारातून हप्ता जायला लागला. वर्षभरानं तिनं आईला बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी अक्का हुमनाबादला आल्या होत्या. मन्नाएखेळ्ळीला बस थांबत नाही म्हणून, असं म्हणाल्या. मला वाटतं, भेटायला आल्या असाव्यात. पण तसं बोलायची त्यांची रीत नव्हती. ज्वारीच्या पिठाची एक थैली, कपड्यांची एक पिशवी. मी थैली उचलून बसमध्ये ठेवली.

गाडी भरलेली होती. मधल्या एका बाकावर जागा मिळाली. शेजारी धोतर-टोपीतला कुणी अनोळखी माणूस खिडकीला टेकून झोपला होता. गाडी हलली, मागं घेताना धक्का बसला आणि त्याचं डोकं खिडकीवरून सुटून अक्कांच्या खांद्यावर आलं. मला वाटलं, त्या ढकलतील, नाहीतर निदान हलवून जागं करतील. जागेवरून भांडणाऱ्या बाई त्या. त्यांनी मान वळवून त्या माणसाकडे एकदा बघितलं. मग खांदा जरासा खाली केला, त्याला नीट टेकता यावं इतका, आणि समोर बघत बसून राहिल्या.

बस हायवेला लागली. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.